थंब ड्रॉ सुरू करताय? मग धनुष्य सगळ्यात शेवटी घ्या

आपल्याकडे आर्चरी म्हटलं की साताऱ्याची अदिती स्वामी नाहीतर नागपूरचा ओजस देवतळे आठवतात, दोघंही २०२३ ला बर्लिनमध्ये कंपाउंडचे वर्ल्ड चॅम्पियन झाले, पण त्यांचं धनुष्य चाकांचं आणि दोरी सोडायला हातात रिलीजचं यंत्र. क्लबात रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं बिनचाकांचं धनुष्य, शिकवतात तिथे तीन बोटं आणि ती सोलू नयेत म्हणून चामड्याचा टॅब. अंगठ्याने दोरी ओढणारा, म्हणजेच थंब ड्रॉ करणारा माणूस आपल्या मैदानांवर जवळपास दिसतच नाही. मग कोणीतरी घोड्यावरून बाण मारणाऱ्या मंगोलाचा किंवा तुर्काचा व्हिडिओ बघतो, रात्रीत पन्नास पाउंडाचं (म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणारं) धनुष्य ऑर्डर करतो, दोन आठवड्यांत अंगठा सुजतो आणि धनुष्य माळ्यावर जातं. हा लेख त्या माणसासाठी आहे, शक्यतो ऑर्डर करायच्या आधी वाचावा.

आधी थोडक्यात हे प्रकरण काय ते. मंगोल, मांचू, कोरियन, जपानी, तुर्क, इराणी आणि आपले मुघल, एवढ्या सगळ्यांनी शेकडो वर्षं दोरी अंगठ्याने ओढली. चीनमध्ये आन्यांगला १९७६ मध्ये फू हाओ राणीची कबर सापडली, साधारण इसवीसनपूर्व १२०० ची, तिच्यात अंगठ्यात घालायची जेडची रिंग होती आणि त्या रिंगला दोरीसाठी खाच होती, म्हणजे तंत्र किती जुनं ते बघा. जहांगीर बादशहा मलिक अंबरच्या डोक्यावर बाण मारतोय असं एक प्रसिद्ध मुघल चित्र आहे, त्यातलं धनुष्य याच कुळातलं (प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधी लागला नाही, म्हणून चित्रात हौस भागवली). आणि एकलव्याची गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे, तिच्यातली एक ओळ लोक विसरतात, अंगठा दिल्यावरही तो बोटांनी बाण मारतच राहिला पण पूर्वीचा वेग राहिला नाही असं आदिपर्वातच आहे. तीन बोटांनी ओढणाऱ्याचा अंगठा दोरीला लागतच नाही, त्यामुळे ही गोष्ट अंगठ्याने ओढणाऱ्याचीच वाटते, निदान मला तरी.

आता कामाचं. उजव्या हाताचा माणूस धरून लिहितोय, डावखुऱ्यांनी उलटं करून वाचा.

पहिलं काम: रिंग

धनुष्य नंतर. आधी अंगठ्याचं बघा कारण सगळा भार तिथेच येणार आहे.

सुरुवातीला चामड्याची रिंग घ्या किंवा चांभाराकडून जाड चामड्याची करून घ्या, अंगठ्याच्या मधल्या पेरावर बसणारा पट्टा आणि पोटाच्या बाजूने पुढे आलेली जीभ, एवढंच. चामडं चुका माफ करतं आणि दोरी नक्की कुठे बसली ते अंगठ्याला कळतं. दोरी नेहमी एकाच जागी बसायला लागली की मग कडक रिंग, शिंगाची, पितळेची, रेझिनची, हल्ली थ्रीडी प्रिंट केलेल्यापण मिळतात.

कडक रिंगचे ढोबळ दोन प्रकार. एक मांचू पद्धतीची, सरळ नळीचा तुकडा कापल्यासारखी. दुसरी ओठवाली, तुर्की, मुघल वगैरे, जिच्यात अंगठ्याच्या पोटावर एक जीभ पुढे येते. कोरियात आणखी एक खुंटीवाली असते, ती नवख्याने सध्या लांबच ठेवावी. जपानमध्ये तर रिंग नाहीच, हरणाच्या कातड्याचा हातमोजा असतो ज्याचा अंगठा आतून कडक केलेला असतो. नवख्याला मी ओठवाली सुचवेन.

फिटिंगमध्ये नव्वद टक्के लोक गंडतात. अंगठीसारखी गोल मापाने घेऊ नका. आपला अंगठ्याचा सांधा आडवा रुंद असतो आणि नखाकडून पोटाकडे चपटा असतो, म्हणून चांगल्या रिंगचं भोक लंबगोल असतं. रिंग आडवी फिरवून सांध्यावरून आत सरकवायची आणि मग पाव वळसा फिरवून जीभ पोटाकडे आणायची, तशी फिरवली की ती सांध्याला अडकते आणि पुढे निघत नाही. तपासायचं असं: हात खाली सोडून जोरात झटका, पडता कामा नये. मग दुसऱ्या हाताने जीभ धरून टोकाकडे ओढा, सांध्यावर अडली पाहिजे. मग पाच मिनिटं घालून बसा, अंगठा निळा पडायला लागला तर लहान आहे. माप घेताना कॅलिपरने सांध्याची रुंदी आणि जाडी दोन्ही घ्या आणि विकणाऱ्याला दोन्ही कळवा. एप्रिल-मेमध्ये बोटं फुगतात आणि डिसेंबरात आक्रसतात त्यामुळे रिंग किंचित सैल घेऊन आतून पातळ चामड्याची पट्टी चिकटवणं सगळ्यात सोयीचं, गरमीत पट्टी काढून टाकायची. सैल रिंगने धनुष्य ओढू नका म्हणजे नका, सुटली तर दोरीबरोबर उडून जाते आणि जाताना कातडी घेऊन जाते.

दुसरं: लॉक, पण धनुष्याशिवाय

फिजिओवाले देतात तो रबराचा पट्टा घ्या, त्याची गाठ मारून लूप करा. आता उजवा अंगठा लूपमध्ये आडवा घाला, वाकवा, आणि तर्जनीचं टोक अंगठ्याच्या नखावर किंवा नखाच्या किंचित मागे ठेवून अंगठा बंद करा. बाकी तीन बोटं सैलसर मुठीत. बस, हाच लॉक. जुने अरब तिरंदाज याला त्रेसष्टचा लॉक म्हणायचे कारण बोटांवर आकडे मोजायच्या त्यांच्या पद्धतीत ६३ दाखवताना हात साधारण असाच व्हायचा.

बारकावे इथे आहेत. भाजीची भरलेली पिशवी आपण बोटात अडकवतो, चिमटीत धरत नाही, तशीच दोरी अंगठ्यात अडकवायची. दोरी अंगठ्याच्या टोकाकडे नको, आत, रिंगच्या पट्ट्याजवळ. टोकाकडे असली की तरफेसारखा भार सांध्यावर येतो, दुखतं, आणि दोरी अवेळी सुटते. तर्जनीने दोरी ओढायची नाही, तिने फक्त अंगठ्याला कुलूप घालायचं. नवीन माणूस भीतीने तर्जनी इतकी आवळतो की नख पांढरं होतं, तेवढी गरज नसते.

मनगट सरळ. ओढायचं ते कोपराने आणि पाठीने, मनगट बाहेर वाकवून नाही.

मग एक छोटासा पीळ: तळवा किंचित जमिनीकडे वळवायचा, जेणेकरून तर्जनीचा मुळाकडचा भाग बाणाला हलकेच धनुष्याकडे दाबेल. बाण धनुष्यावरून घसरतो ही नवख्यांची सगळ्यात मोठी तक्रार असते ना, तिचं उत्तर हा पीळ आहे. पण किंचित म्हणजे किंचितच, जास्त पिळलं तर बाणाचा शाफ्ट, म्हणजे दांडा, वाकतो आणि नॉक, म्हणजे शेपटाची खाच, दोरीवरून निसटते.

सोडायचं कसं? तर्जनी सैल केली की अंगठा दोरीच्या जोराने आपोआप उघडतो आणि हात मागे जातो. अंगठ्याने दोरी मुद्दाम ढकलायची नाही, बोटं नाट्यमय पद्धतीने फाकवायची नाहीत. रबरावर रोज थोडा वेळ हे करा, टीव्ही बघत केलं तरी चालेल, फक्त रबर सोडताना तोंडासमोर कोणी नको.

हे कंटाळवाणं आहे मान्य, पण ज्यांच्याकडून आपण हे शिकतोय त्या सगळ्यांनी हेच केलंय. क्यूदो या जपानी तिरंदाजीत आजही नवख्याला आधी रबराचं धनुष्य देतात आणि मग पेंढ्याच्या गठ्ठ्यावर अगदी दोनेक मीटरवरून मारायला लावतात. ऑटोमन तुर्कांकडे केपाझे नावाचं अगदी मऊ धनुष्य होतं जे बाण न लावता नुसतं ओढत राहायचं. कोरियात बाण दोरीने खांबाला बांधून सराव करायची पद्धत होती. तीन वेगळ्या देशांतली माणसं, एकमेकांना न विचारता, एकाच निष्कर्षावर आली.

तिसरं: धनुष्य

आता खरेदी. पहिलं धनुष्य २० ते २५ पाउंड, तब्येत दणकट असेल तर ३०, त्यावर नाही. इथे लोक वाद घालतात की मंगोल शंभर पाउंड ओढायचे. ओढत असतील, लहानपणापासून. आणि चीनच्या छिंग काळातल्या लष्करी परीक्षेत, जी १९०१ मध्ये बंद झाली, तिथे जड धनुष्य ओढणं ही ताकदीची वेगळी चाचणी होती, बाण न लावता, नेमबाजीची परीक्षा वेगळी. म्हणजे त्यांनाही माहीत होतं की ताकद दाखवायचं धनुष्य वेगळं आणि नेमाचं वेगळं.

दुसरी गोष्ट जी विक्रेते ठळक सांगत नाहीत. धनुष्यावरचे पाउंड बहुतेक दोरी २८ इंच ओढून मोजलेले असतात. पण थंब ड्रॉमध्ये हात हनुवटीशी थांबत नाही, कानाच्या पाळीशी किंवा त्याहून मागे जातो, म्हणजे ३१-३२ इंच सहज होतात, आणि २८ च्या पुढे प्रत्येक इंचाला साधारण २ ते ३ पाउंड वाढतात. ३० पाउंडाचं म्हणून घेतलेलं धनुष्य ३२ इंचावर चाळिशीला टेकतं. म्हणून घेताना दोन प्रश्न विचारायचेच: माझ्या ड्रॉला (मी ओढतो तेवढ्या इंचाला) पाउंड किती होतील, आणि हे धनुष्य जास्तीत जास्त किती इंच ओढलेलं चालतं. दुसऱ्याचं उत्तर ३० इंच असेल तर ते धनुष्य सोडून द्या, मोडेल.

प्रकार कुठला? तुर्की आणि कोरियन धाटणीची धनुष्यं आखूड, चपळ, हलक्या बाणाला बरी. मांचू धाटणीचं मोठं असतं, टोकाचे कडक भाग, ज्यांना कान म्हणतात, लांब असतात, जड बाण मारतं आणि लांब ड्रॉला एकदम स्मूथ, नवख्याला हे माफ करणारं वाटतं. पहिलं धनुष्य फायबरग्लास लॅमिनेटचंच घ्या. खरं शिंगाचं धनुष्य म्हणजे पोटाला (आपल्याकडच्या बाजूला) म्हशीचं शिंग, मध्ये लाकूड, पाठीला जनावराच्या कंडरा आणि सगळं प्राण्यांच्या किंवा माशांच्या सरसाने चिकटवलेलं. दिसतं देखणं, पण दमट हवा त्याची शत्रू, कोरियात ते उबदार पेटीत ठेवतात. मुंबईत किंवा रत्नागिरीत जुलै महिन्यात ते काय करेल याची कल्पना करा. लॅमिनेटला पावसाचं एवढं काही नाही, त्याला ऊन सोसत नाही, बंद गाडीच्या डिकीत मे महिन्यात ठेवलं तर चिकटवलेले थर सुटू शकतात.

बाहेरून मागवत असाल तर शिपिंग आणि कस्टम ड्युटी धरून हिशेब करा, पहिल्या नजरेला स्वस्त वाटलेलं घरी येईपर्यंत स्वस्त राहत नाही.

दोरी चढवायला पहिल्या दिवसापासून स्ट्रिंगर (धनुष्य वाकवायची खास दोरी) वापरा किंवा मित्राला मदतीला घ्या. आखूड, उलट वळलेली धनुष्यं चढवताना पिळली जातात आणि एकदा टोक पिळलं की ते सारखं पिळतच राहतं. चढवून झालं की धनुष्य डोळ्यासमोर उभं धरा आणि दोरी दोन्ही टोकांना बरोबर मधोमध बसलीय ना बघा, मगच ओढा, हळू, अर्धं, परत बघा. आणि बाण न लावता ओढून सोडायचं कधीच नाही, मित्र हातात घेऊन "बघू रे" म्हणत पहिलं हेच करतो, त्यामुळे द्यायच्या आधीच सांगा.

दोरीवर नॉक पॉइंट (बाणाची खाच बसायची खूण) दोऱ्याने बांधा, पितळेचा क्लिप लावू नका, तो अंगठ्याला आणि रिंगला घासतो. उंची बाण दोरीला काटकोनात बसतो त्या जागेपेक्षा साधारण एक सेंटीमीटर वर ठेवून सुरुवात करा आणि मग बाण कसा उडतो ते बघून हलवा.

चौथं: बाण

या धनुष्यांना बाण टेकवायला शेल्फ नसतं, बाण सरळ हातावरून जातो. म्हणून शेपटाला प्लास्टिकची पाती (व्हेन) नकोत, पक्ष्यांची पिसंच, ती दबतात. पिसाच्या पुढच्या टोकाला गोंदाचा गुळगुळीत थेंब असला पाहिजे, नाहीतर बाण जाताना डाव्या अंगठ्यावर ब्लेडसारखी रेघ मारून जातो. पहिले काही दिवस त्या जागी मेडिकलची चिकटपट्टी गुंडाळलीत तर कोणी हसणार नाही.

लांबी आपल्या ड्रॉपेक्षा किमान एक-दीड इंच जास्त. क्लबातले उरलेले २९-३० इंची बाण कोणी फुकट दिले तरी घेऊ नका, ३२ इंच ओढताना टोक धनुष्याच्या आत येतं आणि सोडलं की हातात घुसतं, हा अपघात खरंच होतो.

वजन: धनुष्याच्या दर पाउंडाला ९-१० ग्रेन तरी. ३५ पाउंड हातात येत असतील तर बाण किमान ३२०-३५० ग्रेन, म्हणजे २१-२३ ग्रॅम. याहून हलका बाण लांब जातो पण धनुष्याला तो जवळजवळ रिकामं सोडल्यासारखाच. स्पाइन, म्हणजे शाफ्टची ताठरता, कार्बनमध्ये आकडा जेवढा मोठा तेवढा बाण मऊ, आणि धनुष्याला वळसा घालून जायचं असल्याने इथे जरा मऊच लागतो, ३०-३५ पाउंडाला ६०० च्या आसपासचे दोन-तीन आणून बघा, एकदम डझन घेऊ नका. कार्बनचा बाण दरवेळी मारण्याआधी हाताने थोडा वाकवून कान लावा, कडकड आली तर मोडून कचऱ्यात.

पाचवं: मारणं

बाण धनुष्याच्या उजव्या बाजूला. टॅबवाले आयुष्यभर डावीकडे ठेवतात त्यामुळे क्लबातून आलेल्यांचा हात सवयीने डावीकडे जातो, आणि मग पिळाने बाण बाहेर पडतो. उजवीकडे, डाव्या अंगठ्याच्या वर टेकलेला.

डाव्या हाताची ग्रिप: खालची दोन बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं, घट्ट. वरची सैल. अंगठा पुढे, लक्ष्याकडे.

लक्ष्य म्हणून ज्यूटच्या पोत्यात जुने कपडे आणि पॅकिंगचं प्लास्टिक ठासून भरा, मस्त काम करतं, मागे भिंत किंवा मातीचा ढीग, आणि त्या भिंतीमागे काय आहे हे माहीत असलं पाहिजे. सोसायटीचं पार्किंग, टेरेस, गल्ली, नाही. आकाशाकडे बाण, नाही. प्राण्यांवर तर अजिबात नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार गुन्हा आहे.

तीन मीटरवर उभे राहा, पोत्यावर काहीही खूण काढू नका. खूण दिसली की डोळा नेमाकडे जातो आणि हात वाऱ्यावर सुटतो. ओढा, कानाच्या पाळीशी किंवा जबड्याच्या कोपऱ्याशी थांबा, एकच जागा ठरवा, एक श्वास, सोडा. दोरी गालाजवळून आणि छातीला घासत जाते, म्हणून कानातलं काढा, शर्टाचा खिसा रिकामा, मंगळसूत्र किंवा चेन कपड्याच्या आत, मोकळे केस बांधलेले. चष्मेवाल्यांनी मान जरा जास्त वळवावी. दोरी कानावर बसली तर एकदाच बसते, दुसऱ्या वेळी मान आपोआप बरोबर वळते.

बाण पोत्यात सरळ उभा राहतोय का बघा. शेपूट सारखी उजवीकडे किंवा डावीकडे झुकत असेल तर स्पाइन नाहीतर पीळ, वर-खाली झुकत असेल तर नॉक पॉइंट. एका वेळी एकच गोष्ट बदला.

आता खात्रा. व्हिडिओत दिसतं ना, बाण सुटला की धनुष्याचा हात झटक्यात वळतो किंवा पुढे झुकतो, ती गोष्ट. उद्देश एवढाच की बाण जाताना धनुष्य आणि हात वाटेतून बाजूला व्हावा. लोकांना सगळ्यात आधी हेच करायचं असतं कारण दिसायला भारी. पण मुद्दाम केलेला खात्रा जवळजवळ नेहमीच बाण सुटायच्या आधी होतो, आणि मग तो खात्रा नसून धक्का असतो, बाण कुठेही जातो. ग्रिप वर सांगितली तशी असेल, दंड आणि मनगट पुढे ताणलेलं असेल, तर सुटल्यावर धनुष्य स्वतःच हलतं, जपानी धनुष्य तर मुठीत गरकन फिरतं. त्याला होऊ द्या, करू नका. पहिले काही महिने याचं नावही काढलं नाही तरी काही बिघडत नाही.

दुखलं तर

अंगठ्याचं पोट दुखेल, थोडं, सगळ्यांचं दुखतं, कातडी निबर होते. नखाखाली रक्त साकळलं तर दोरी टोकाकडे येतेय किंवा रिंग पुढे सरकतेय, थांबून फिटिंग बघा. मनगटाजवळ, अंगठ्याच्या मुळाशी सांधा दुखला तर मात्र ती वेगळी गोष्ट, त्या दिवशी धनुष्य उतरवून ठेवा, आणि दुसऱ्या आठवड्यातही दुखत असेल तर डॉक्टर. "सवय होईल" म्हणून रेटणारे अंगठ्याने बाटलीचं झाकण उघडायलाही महाग झालेले असतात.

अंतर कधी वाढवायचं? तीन मीटरवर बाण ओळीने सरळ घुसायला लागले की दहा, तिथे ताटाएवढ्या जागेत सगळे यायला लागले की वीस. कोरियात १४५ मीटरवर मारतात आणि मंगोलियाच्या नादाम उत्सवात पुरुष ७५ वर, ते सगळं ठीक आहे, आपल्याला वीसवर बराच काळ काम आहे. पाउंड वाढवायचे तर एकदम पाचच्या वर नको, आणि जुनं हलकं धनुष्य विकू नका, सुट्टीनंतर किंवा आजारपणानंतर पहिला आठवडा त्याच्यावरच काढायचा असतो.